"आमच्या मोतीला तर काहीच झालं नाही": कुत्र्यांविषयीचे सल्ले आणि पुरावा तपासायची सवय



पेट किंवा नेटची तयारी करताना आपण 'संशोधन पद्धती'च्या व्याख्या पाठ करतो. गृहीतक म्हणजे काय, नियंत्रित गट म्हणजे काय, स्वतंत्र चल कोणता आणि परतंत्र कोणता. मुलाखतीत त्या विचारल्या की सांगताही येतात. पण "तुझ्या प्रस्तावातला कंट्रोल कुठंय?" असं कुणी विचारलं की बरेच जण गप्प होतात. कारण व्याख्या पाठ असते, पण तिचा रोजच्या विचारात वापर झालेला नसतो.

म्हणून आज प्रयोगशाळेबाहेरचं उदाहरण घेऊ. ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांना सल्ल्यांची कधीच कमतरता नसते. सोसायटीच्या ग्रुपवर, सकाळी फिरायला नेताना, मेडिकलच्या काउंटरवर, सगळीकडे कुणी ना कुणी सांगत असतं: पोट बिघडलं की दहीभात द्या. चावला तर जखमेवर तिखट भरा. द्राक्षं देऊ नका. त्यावर दुसरं कुणी म्हणतं, "कोण म्हणतं देऊ नका? आमच्या मोतीला दिली होती, काहीच झालं नाही."

मला विचाराल तर हे शेवटचं वाक्य संशोधन शिकणाऱ्यासाठी सोन्यासारखं आहे. "काहीच झालं नाही" आणि त्याचं जुळं भावंड "लगेच फरक पडला", ही दोन वाक्यं नीट उलगडता आली की अर्धी संशोधन पद्धती समजली म्हणून समजा. चार सल्ले घेऊन ती उलगडून पाहू.

१. दहीभात: काहीच केलं नसतं तर?

कुत्र्याला जुलाब लागले. मालकाने दोन दिवस दहीभात दिला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पोट ठीक झालं. निष्कर्ष: दहीभाताने गुण आला.

इथे विचारायचा प्रश्न एकच. दहीभात दिला नसता तर काय झालं असतं? हे त्या एका कुत्र्यावरून कधीच कळणार नाही, कारण तोच कुत्रा एकाच वेळी दहीभात खाणारा आणि न खाणारा असू शकत नाही. म्हणूनच दुसरा गट लागतो. कंट्रोल ग्रुप ही कागदोपत्री औपचारिकता नाही. 'न घडलेलं' पाहण्यासाठी आपल्याकडे असलेली ती एकमेव खिडकी आहे.

दहीभाताऐवजी औषधाचं उदाहरण पाहा. मेट्रोनिडाझोल कुत्र्यांच्या जुलाबावर वर्षानुवर्षं दिलं जातं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अचानक जुलाब लागलेल्या ६० कुत्र्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, म्हणजे यादृच्छिक पद्धतीने, तीन गट केले. एकाला प्रोबायोटिक, दुसऱ्याला मेट्रोनिडाझोल, तिसऱ्याला प्लासिबो, म्हणजे औषधासारखं दिसणारं पण औषध नसलेलं काहीतरी. शौच ठीक व्हायला सरासरी किती दिवस लागले? प्रोबायोटिक गटात ३.५, मेट्रोनिडाझोल गटात ४.६ आणि प्लासिबो गटात ४.८. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हे फरक टिकले नाहीत.

आता प्लासिबो गटाकडे नीट बघा. ज्यांना औषध मिळालंच नाही, तेही पाचेक दिवसांत बरे झाले. म्हणजे साधे जुलाब बहुतेक वेळा आपोआप थांबतात. अशा आजारात तुम्ही दहीभात द्या, ताक द्या किंवा नुसतं अंगणातून फिरवून आणा, 'गुण' येणारच. आणि मालक उपाय कधी करतो? त्रास सगळ्यात जास्त असतो तेव्हा. त्यानंतर उतार पडणं साहजिकच असतं, पण श्रेय उपायाला मिळतं.

गंमत म्हणजे २०२० सालच्या दुसऱ्या एका प्लासिबो-नियंत्रित अभ्यासात मेट्रोनिडाझोल घेतलेले कुत्रे साधारण दीड दिवस लवकर बरे झाले. मग खरं कोणतं? प्रस्तावासाठी साहित्य-परीक्षण लिहिताना नेमका हाच प्रसंग येतो. तेव्हा "काहींच्या मते असे, काहींच्या मते तसे" असं लिहून मोकळं होऊ नका. प्रत्येक अभ्यासात कुत्रे किती होते, आहार काय होता, 'बरा झाला' हे कोणत्या मापाने ठरवलं, हे शेजारी शेजारी ठेवा. तुमचा संशोधन प्रश्न बहुधा त्या फरकातच सापडेल.

मग दहीभात वाईट का? नाही. पण त्याची खरी किंमत भातात नसते, वाया गेलेल्या दिवसात असते. लस न झालेलं पिल्लू उलट्या करतंय, शौचातून रक्त जातंय, मलूल पडलंय, तर तो पार्व्हो असू शकतो. तिथे "दोन दिवस दहीभात देऊन बघू" यातले दोन दिवस पिल्लाच्या जिवावर बेततात.

२. चावल्यावर तिखट: छेदात कोण आहे?

हा सल्ला फक्त कुत्र्याचा नाही, माणसाच्या जिवाचा आहे. आपल्याकडे अजूनही कुत्रा चावल्यावर जखमेत तिखट, चुना, हळद भरणारे लोक आहेत. त्यांना अडाणी म्हणून झटकू नका. त्यांच्याकडेही 'पुरावा' असतो: "माझ्या काकांना चावलं होतं, तिखट भरलं, आज सत्तरीत आहेत."

काका जगले हे खरंच आहे. प्रश्न असा की काकांना चावलेल्या कुत्र्याला रेबीज होता का? चावणारे बहुसंख्य कुत्रे रेबीजचे नसतात. ते घाबरून, डिवचल्यामुळे, पिल्लांना जपण्यासाठी चावतात. रेबीज झालेल्या कुत्र्याने चावलं तरी लस न घेतलेल्या प्रत्येकाला रोग होतोच असं नाही. जखम कुठे, किती खोल, लाळ किती गेली यावर ते ठरतं. म्हणजे समजा शंभर जणांना कुत्रे चावले आणि सगळ्यांनी जखमेत तिखट भरलं, तर त्यातले बहुतेक जण जगणारच. तिखटाऐवजी रांगोळी भरली असती तरी तेवढेच जगले असते.

याला छेदाचा घोळ म्हणू. 'वाचले' हा अंश सगळे सांगतात, पण 'कितीपैकी, आणि त्यातल्या कितींना खरोखर धोका होता' हा छेद कुणी सांगत नाही. जे दगावले ते "आम्ही तिखट भरलं होतं" हे सांगायला गप्पांत येत नाहीत. त्यात रेबीज शरीरात बहुधा दोन-तीन महिने दबा धरून बसतो, त्यामुळे पहिल्या महिन्यात सगळेच उपाय यशस्वी दिसतात.

मग लस काम करते हे कसं सिद्ध केलं? काहींना लस द्यायची आणि काहींना मुद्दाम नाही, असा प्रयोग माणसांवर करता येत नाही. रेबीजची लक्षणं सुरू झाली की रोगी जवळपास कधीच वाचत नाही. इथे संशोधकांनी छेदच घट्ट पकडला. १९७६ साली इराणमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात ४५ जण होते आणि त्यांना चावलेले कुत्रे आणि लांडगे रेबीजचेच होते, हे प्रयोगशाळेत तपासून पक्कं केलेलं होतं. त्यांना नवी पेशी-संवर्धित लस आणि सोबत अँटिसिरम दिलं गेलं. ४५ पैकी ४५ जण वाचले. फक्त ४५ माणसं! पण 'काकां'सारख्या हजार गोष्टींपेक्षा हा पुरावा वजनदार आहे, कारण छेदातला प्रत्येक माणूस खरोखर धोक्यात होता. नमुना किती मोठा यापेक्षा नमुन्यात कोण आहे हे कधी कधी जास्त महत्त्वाचं असतं, ते असं.

ओघात आलंच आहे तर लक्षात ठेवा: चावल्यावर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने किमान १५ मिनिटं धुवायची, तिखट-चुना काहीही लावायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. "कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवू, मग बघू" असंही नाही. लस आधी सुरू करायची, कुत्र्यावर लक्ष त्यासोबत ठेवायचं.

३. द्राक्षं: फोनच्या नोंदींपासून पेशींपर्यंत

आता आपल्या मोतीकडे येऊ. कुत्र्याला द्राक्षं, बेदाणे, मनुका देऊ नयेत हा सल्ला आज सगळीकडे ऐकू येतो. पण तो तसा नवा आहे. एकेकाळी लोक कुत्र्याला शिकवताना बक्षीस म्हणून बेदाणे देत असत.

अमेरिकेतल्या एएसपीसीए या प्राणीकल्याण संस्थेचं एक विषबाधा मदत केंद्र आहे. "कुत्र्याने अमुक खाल्लं, काय करू?" असे फोन तिथे येतात आणि प्रत्येक फोनची नोंद होते. या नोंदी चाळताना तिथल्या पशुवैद्यांच्या लक्षात आलं की द्राक्षं किंवा बेदाणे खाल्लेल्या काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतायत. २००१ साली त्यांनी ही गोष्ट एका पशुवैद्यकीय नियतकालिकात पत्ररूपाने मांडली. प्रयोग नव्हता, महागडं यंत्र नव्हतं. नीट ठेवलेल्या नोंदी आणि त्या वाचणारं डोकं, एवढंच भांडवल. "आमच्या विभागात उपकरणंच नाहीत" म्हणणाऱ्यांनी हे लिहून ठेवावं.

पण विष कोणतं ते कळेना. कीटकनाशक म्हणावं तर घरच्या वेलीवरच्या द्राक्षांनीही त्रास झालेला. बुरशीचं विष, जड धातू, सगळ्यांवर संशय घेऊन झाला. त्यात मोठं कोडं असं की एक कुत्रा वाडगाभर द्राक्षं खाऊन मजेत, आणि दुसरा थोडी खाऊन अत्यवस्थ. चॉकलेटचं तसं नाही. त्यातलं थिओब्रोमाइन हे विष माहीत आहे, कुत्र्याच्या वजनामागे किती गेलं की धोका हे मांडता येतं. द्राक्षांचा असा हिशोब लागत नव्हता, आणि "आमच्या मोतीला काहीच झालं नाही" या वाक्याला जोर मिळत होता.

वीस वर्षांनी धागा सापडला तो भलत्याच ठिकाणी. घरी बनवलेला खेळण्याचा कणकेचा गोळा एका कुत्र्याने खाल्ला आणि त्याची मूत्रपिंडं बिघडली. लक्षणं थेट द्राक्षांच्या विषबाधेसारखी. त्या गोळ्यात क्रीम ऑफ टार्टर होतं. बेकरीवाल्यांना हा पदार्थ माहीत असेल. तो टार्टारिक आम्लाचा क्षार आहे आणि वाइन बनवताना तयार होतो. द्राक्षांतलं मुख्य आम्ल कोणतं? टार्टारिक. बाकी बहुतेक फळांत ते फारसं नसतं, आणि द्राक्षाची जात, पिकण्याची अवस्था यांनुसार त्याचं प्रमाण बदलतं. म्हणजे 'एकाला होतं, एकाला होत नाही' या कोड्याचाही मोठा भाग सुटतो. २०२१ साली हे गृहीतक प्रसिद्ध झालं.

आता आपल्या अभ्यासाचा भाग. चांगलं गृहीतक जुनी माहिती समजावून सांगतं, पण तेवढ्यावर थांबत नाही. ते नवीन भाकीत करतं आणि त्यात खोटं ठरायची जोखीम घेतं. टार्टारिक आम्ल हेच विष असेल तर द्राक्षांशी काही नातं नसलेल्या, पण हे आम्ल भरपूर असलेल्या पदार्थानेही कुत्र्याचं मूत्रपिंड बिघडलं पाहिजे. असा पदार्थ कोणता? आपली चिंच! आणि २०२२ साली त्याच केंद्राशी संबंधित पशुवैद्यांनी क्रीम ऑफ टार्टर आणि चिंच खाल्लेल्या कुत्र्यांची प्रकरणं प्रसिद्ध केली. कुत्रे मोजकेच होते, पण मूत्रपिंडाची हानी तशीच.

पुढची पायरी 'कसं घडतं' ही. कुत्र्याच्या मूत्रपिंडापासून मिळवलेल्या पेशींचा एक वंश १९५८ पासून प्रयोगशाळांमध्ये वाढवला जातोय. एका कॉकर स्पॅनिएलच्या मूत्रपिंडातून तो आला. २०२३ सालच्या अभ्यासात या पेशींवर टार्टारिक आम्लाचा विषारी परिणाम दिसला, पण माणसाच्या मूत्रपिंडाच्या पेशींवर दिसला नाही. मग संशोधकांनी माणसाच्या पेशीतलं एक वाहक प्रथिन कुत्र्याच्या पेशींमध्ये घातलं, आणि त्या वाचल्या. आपण मूठभर बेदाणे आरामात खातो आणि कुत्र्याला ते बाधतात, याचं कारण हे आम्ल पेशीतून बाहेर काढण्याच्या व्यवस्थेत असावं, असं हा प्रयोग सुचवतो.

'सुचवतो' हा शब्द मी मुद्दाम वापरलाय. बशीतल्या पेशी म्हणजे अख्खा कुत्रा नव्हे. पण पायऱ्या बघा: नोंदी, प्रकरणांची मालिका, गृहीतक, भाकीत, यंत्रणा. प्रत्येक पायरीवर दावा थोडा थोडा बळकट होत गेला. तुमच्या पीएचडीत बहुधा यातली एकच पायरी असेल आणि तेवढी पुरेशी असते. कोणती, हे मात्र तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

मोतीचं उत्तर? त्याला काही झालं नाही हे खरं, आणि द्राक्षं धोक्याची हेही खरं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं. "सगळ्याच कुत्र्यांना बाधतात" असा दावा कुणी केलेलाच नाही, त्यामुळे मोती कशालाच खोटं पाडत नाही.

४. अपराधी चेहरा: पाहिलं काय, मानलं काय?

"उशी फाडली की असा चेहरा करतो ना, त्याला बरोबर कळतं आपलं चुकलंय." हा सल्ला नाही, पण यावर एक सल्ला उभा आहे: घरी आल्यावर रागवा, त्याला कळतं.

न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजमधल्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली १४ कुत्र्यांवरचा एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. मालकाने "खायचं नाही" असं बजावून खाऊ समोर ठेवायचा आणि खोलीबाहेर जायचं. मालक बाहेर असताना कधी कुत्र्याला खाऊ खाऊ दिला जाई, कधी काढून घेतला जाई. मग मालकाला सांगायचं की खाल्ला किंवा नाही, पण काही वेळा मुद्दाम खोटं सांगायचं. त्यामुळे 'खरंच खाल्लं का' आणि 'मालक रागावला का' हे एरवी एकत्र येणारे दोन चल वेगळे झाले.

निकाल? अपराधी चेहरा खाऊ खाण्याशी जुळला नाही, मालकाच्या रागावण्याशी जुळला. काहीही न खाता ओरडा खाल्लेल्या कुत्र्यांचे चेहरे तर जास्तच अपराधी दिसले. कान मागे, नजर चुकवणं, शेपूट आत, हे निरीक्षण आहे. 'त्याला पश्चात्ताप झाला' हा आपण लावलेला अर्थ आहे. प्रबंधात निकालाचं प्रकरण आणि चर्चेचं प्रकरण वेगळं का ठेवतात, ते इथे दिसतं. कुत्र्यासाठीही यात मोठी गोष्ट आहे: दोन तासांपूर्वी फाडलेल्या उशीबद्दल आत्ता ओरडून तो उशी सोडायला शिकत नाही, तुम्हाला घाबरायला शिकतो.

मग किती पुरावा पुरे?

आता तुम्ही म्हणाल, द्राक्षांच्या बाबतीत २००१ साली फक्त मोजकी प्रकरणं होती, यंत्रणा माहीत नव्हती. मग तेव्हाच "देऊ नका" सांगणं घाईचं नव्हतं का?

नव्हतं. पुरावा किती हवा हे चूक झाली तर काय किंमत पडेल त्यावर ठरतं. द्राक्षं दिली नाहीत आणि ती निर्दोष निघाली, तर कुत्र्याचं काय गेलं? काही नाही. दिली आणि बाधली, तर मूत्रपिंड गेलं. अशा वेळी कच्च्या पुराव्यावरही सल्ला द्यावा. पण "टार्टारिक आम्लच कारण आहे" असं शोधनिबंधात लिहायला तेवढा पुरावा पुरत नाही. कृतीसाठी लागणारा पुरावा आणि ज्ञानासाठी लागणारा पुरावा या दोन वेगळ्या पट्ट्या आहेत. त्यांची सरमिसळ झाली की एक तर आपण सगळ्यावर विश्वास ठेवतो, नाहीतर "सिद्ध कुठे झालंय?" म्हणत हातावर हात ठेवून बसतो. तिखटाच्या बाबतीत तर हा प्रश्नच नाही, कारण सिद्ध झालेला उपाय दवाखान्यात मिळतो.

तुमच्यासाठी गृहपाठ

"नाक गरम आणि कोरडं म्हणजे ताप" हा सल्ला घ्या आणि एका पानाचा प्रस्ताव लिहा. थोडी मदत करतो. कुत्र्याचं सामान्य तापमान माणसापेक्षा जास्त असतं, साधारण १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, आणि ते गुदद्वारात थर्मामीटर ठेवून मोजतात. आता स्वतःला हे पाच प्रश्न विचारा:

- मी काय मोजणार, आणि त्यावरून काय मानणार?
- तुलना कशाशी? ताप नसलेले कुत्रे नमुन्यात आहेत का?
- छेदात कोण आहे? फक्त दवाखान्यात आणलेले कुत्रे घेतले तर काय बिघडेल?
- नाकाला हात लावणाऱ्याला थर्मामीटरचा आकडा आधीच माहीत असेल तर काय होईल?
- कोणता निकाल आला तर मी म्हणेन, "हा सल्ला चुकीचा आहे"?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सुचत नसेल तर तुमच्याकडे अजून गृहीतक नाही, फक्त मत आहे. ते वाईट नाही, सुरुवात तिथूनच होते. आणि ज्यांना स्वतःचा विषय शोधायचाय त्यांच्यासाठी एक धागा: आपल्या बाजारात मिळणाऱ्या चिंचेच्या कोळात आणि वेगवेगळ्या जातींच्या द्राक्षांत टार्टारिक आम्लाचं प्रमाण किती भरतं, हे पदवीच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतही मोजता येतं.

तुमचा एक पानी प्रस्ताव तयार झाला की खाली प्रतिक्रियेत टाका. कंट्रोल कुठंय ते मी नक्की विचारणार आहे. आणि कुणाच्या कुत्र्याने खरंच द्राक्षं किंवा चिंच खाल्ली असेल, तर प्रतिक्रिया लिहीत बसू नका, आधी पशुवैद्यांना फोन करा.